नावांच्या जागी चौकोन

ॲड्रेस बुक उघडलं, तर त्यात एकच नाव होतं. तेही माणसाचं नव्हे, कॉम्प्युटर कंपनीच्या मदत केंद्राचं. ऑफिसमावशींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, प्रोग्रॅम बंद करून परत उघडला. मदत केंद्र जागचं हललं नाही.

शुक्रवारी त्या घरी गेल्या तेव्हा याच कॉम्प्युटरमध्ये अख्खं बालगृह होतं. म्हणजे आत राहणारं नव्हे, बाहेर पडलेलं. अठरा वर्षं भरली की मुलांना संस्था सोडावी लागे. एक पिशवी, एक दाखला आणि सगळ्यांचे आशीर्वाद घेऊन ती फाटकाबाहेर पडत, आणि मग कुठे जात ते फक्त ऑफिसमावशींना माहीत असे. त्यांचं पद होतं लेखनिकाचं. स्वयंपाकघरात आधीच एक मावशी होत्या, म्हणून मुलांनी यांना ऑफिसमावशी केलं, आणि पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. मुलं नोकरी बदलत, खोली बदलत, नंबर तर चपला बदलाव्यात तसे बदलत. पण बदलला की ऑफिसमावशीला कळवायचं, हे न सांगता ठरलेलं होतं. मावशी ते ॲड्रेस बुकात त्याच्या संस्थेतल्या टोपणनावापुढे घालत आणि खाली एखादी ओळ लिहीत. 'रात्रपाळी, सकाळी उठवू नये.' 'सासू फोन उचलते, लाँड्रीतून बोलते म्हणावं.' 'पहिलं मूल गेलं, विषय काढू नये.'

शनिवार-रविवारात संस्थेचे सगळे कॉम्प्युटर नव्या सिस्टीमवर गेले होते. सोमवारी सकाळी हे मदत केंद्र.

मावशी सेक्रेटरींच्या खोलीत गेल्या. सेक्रेटरी निवृत्त अधिकारी होते, माणूस वाईट नव्हता, पण कुठल्याही गोष्टीचा कागद झाल्याशिवाय ती घडली असं त्यांना वाटत नसे. त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर बघून सांगितलं की देणगीदारांची यादी व्यवस्थित आहे, सर्व्हरवर होती म्हणून वाचली. मावशी म्हणाल्या, देणगीदारांचं नाही, आपल्या मुलांचं म्हणतेय मी. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघत विचारलं, की जी मुलं रेकॉर्डवर नाहीत ती सर्व्हरवर कशी असतील?

त्यांच्यासमोरच मावशींनी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, डेटा कुठे जात नाही. जुन्या फोल्डरमध्ये असतो. येऊन काढून देतो, पाच मिनिटांचं काम आहे." मावशींचा जीव भांड्यात पडला. पण फोन ठेवल्यावर सेक्रेटरी म्हणाले, पाच मिनिटांच्या कामासाठी त्याला कशाला बोलवायचं, प्रिंटरचंही रडगाणं आहेच, दोन-चार तक्रारी साठू देत, एकदमच बोलावू.

मावशींनी दुसऱ्या दिवशी आठवण केली. तिसऱ्या दिवशी केली. पुढच्या आठवड्यात त्या रोज दारात उभ्या राहू लागल्या, तशी सेक्रेटरींनी त्यांना समजावलं, की मावशी, धीर धरा, तुमचं काही पळून चाललेलं नाही.

कॉम्प्युटरवाला आला तेव्हा तक्रारी भरपूर साठल्या होत्या. त्याने आधी प्रिंटर केला, मग सेक्रेटरींच्या कॉम्प्युटरचा आवाज येत नव्हता तो आणून दिला, आणि शेवटी मावशींच्या खुर्चीत बसला. एकेक फोल्डर उघडून बघितलं. मग म्हणाला, की जुनं फोल्डर पुसलं गेलंय. नवी सिस्टीम ते थोडे दिवस ठेवते आणि मग आपोआप काढून टाकते, जागा मोकळी करायला.

मावशींना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे मी पहिल्या दिवशी फोन केला तेव्हा ते होतं?"

"होतं ना."

"आणि ते आपोआप जाणार, हे तुम्हाला माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत असतं, मॅडम."

"मला नव्हतं," मावशी म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं नाही, म्हणून नव्हतं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट इतका खाली गेला होता, की कॉम्प्युटरवाला माऊस सोडून त्यांच्याकडे बघू लागला. त्याने घाईघाईने विचारलं, की बॅकअप नव्हता का, स्वतःच्या मोबाइलमध्ये नव्हते का नंबर? हा प्रश्न मात्र मावशींच्या जिव्हारी लागला. मुलांची माहिती खासगी फोनमध्ये ठेवायची नाही, असा संस्थेचा नियम होता. सेक्रेटरींनीच काढलेला. सगळ्यांनी त्यावर सह्या केल्या होत्या आणि सगळ्यांनी तो खुशाल धाब्यावर बसवला होता. पाळला होता एकट्या मावशींनी.

त्या उठल्या आणि सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, पळून गेलं." एवढंच बोलून परत आल्या. सेक्रेटरी मागोमाग आले, काय झालं ते ऐकून त्यांचा चेहरा उतरला, आणि मग त्यांनी अशा वेळी म्हणतात ते म्हटलं, की आता यापुढे आपण खबरदारी घेऊ.

कॉम्प्युटरवाल्याला बहुधा वाईट वाटलं असावं. तो दुसऱ्या दिवशी न बोलावता आला, पुसलेलं उकरून काढणारं काहीतरी लावून दिवसभर बसला, आणि संध्याकाळी त्याने एक फाइल उघडून दिली. तुकडे सापडले होते. निम्म्याहून जास्त नंबर आले होते, पण मावशींनी नावं मराठीत लिहिली होती, त्या सगळ्या अक्षरांच्या जागी चौकोन आले होते. चौकोन, चौकोन, चौकोन, आणि पुढे नंबर. खालच्या ओळीही गेल्या होत्या. कोण रात्रपाळीला, कुणाची सासू फोन उचलते, कशाचाच पत्ता नाही.

मावशी म्हणाल्या, असू दे, नंबर आहे म्हणजे माणूस आहे. आणि त्यांनी एकेक नंबर फिरवायला घेतला.

पहिला उचलला तो संस्थेची पाण्याची टाकी दुरुस्त करणारा निघाला. दुसरीकडे एक मुलगी हसायलाच लागली, म्हणाली, अगं मावशी, मी गोगलगाय, मला नाही ओळखलंस? गोगलगायीने आणखी तिघांचे नंबर दिले, त्या तिघांनी आणखी काहींचे. आठवडाभरात चौकोनांच्या जागी बरीच नावं परत बसली. सेक्रेटरी येता-जाता विचारत, किती झाले? मावशी उत्तर देत नसत.

कारण सगळेच फोन असे नव्हते. एका दुपारी त्यांनी नंबर लावला, पलीकडून बाईचा आवाज आला, आणि मावशींनी आता सवयीचं झालेलं वाक्य म्हटलं, "मी ऑफिसमावशी बोलतेय गं. तू कोण?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "तूच विचारतेस होय, मी कोण ते?"

मावशी घाईने कॉम्प्युटरचं सांगू लागल्या, सिस्टीमचं, चौकोनांचं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, असेल, असेल. मग आपलं नाव सांगितलं, सगळ्या जगासाठी असतं ते, कागदावरचं, आणि कुकर झालाय म्हणून फोन ठेवला. मावशी रिसीव्हर हातात धरून बसून राहिल्या. जिला आपण कोण, हे विचारायला जगात एकच जागा होती, तिला त्या जागेनेच उलटा प्रश्न केला होता. त्या दिवशी त्यांनी आणखी फोन केले नाहीत. कॉम्प्युटरवाल्याचा, सेक्रेटरींचा आणि सिस्टीम नावाच्या त्या न दिसणाऱ्या बयेचा त्यांना असा संताप आला होता, की जेवणाचा डबा तसाच घरी गेला.

आणि एक नंबर मिळतच नव्हता. बटणच्या बहिणीचा.

बटण लहानपणी शर्टाची बटणं चावून खाई, म्हणून बटण. तो आणि त्याची मोठी बहीण बरोबरच संस्थेत आले होते. ती आधी बाहेर पडली, तिने लग्न केलं, आणि सासरी सांगितलं की आपल्याला मागेपुढे कुणी नाही, लांबच्या आत्याने वाढवलं. एकदा खोटं सांगून बसल्यावर सख्खा भाऊ कुठून आणणार? तिने मावशींना शपथ घातली, की माझा नंबर कुणाला म्हणजे कुणाला द्यायचा नाही, त्यालाही नाही. ती स्वतः कधी फोन करत नसे. मावशीच अधूनमधून करत, दुपारी, ती घरात एकटी असताना. बटण जहाजावर इंजिनखोलीत कामाला लागला होता. सुट्टीवर आला की संस्थेत येई, इकडचं तिकडचं बोलून उठता उठता विचारी, ताई काय म्हणते? मावशी सांगत, बरी आहे. नंबर मात्र त्यांनी कधी दिला नाही आणि त्यानेही कधी हट्ट धरला नाही.

आणि नव्या सिस्टीमच्या थोडंच आधी, बहीण आपणहून म्हणाली होती, की आला तर दे त्याला माझा नंबर.

ज्या थोड्यांचं काहीच हाती लागलं नाही, त्यांत ही होती. तिचा ठावठिकाणा इतर मुलांपैकी कुणाकडेच नव्हता, तशी तिची इच्छाच होती. मावशींना नंबरची सुरुवात आठवत होती आणि शेवटी दोन सात होते एवढं. मधले आकडे बदलून बदलून त्यांनी फोन लावले, परक्या माणसांची बोलणी खाल्ली. टेलिफोन कंपनीने कॉलची नोंद अशी बाहेर देता येत नाही म्हणून हात वर केले. ती पूर्वी राहायची त्या चाळवजा इमारतीत मावशी दोन बस बदलून गेल्या, तर मालकीण म्हणाली की ते बिऱ्हाड कधीच गेलं, कुठे ते विचारायची आमच्यात पद्धत नाही. नवऱ्याचं नाव बटणच्या बहिणीने कधी सांगितलं नव्हतं आणि मावशींनी विचारलं नव्हतं. न विचारणं, यालाच त्या इतकी वर्षं आपलं काम समजत होत्या.

बटण आला तो भर दुपारी. खांदे आणखी रुंद झालेले, उन्हाने रापलेला, हातात मावशींसाठी आणलेली छत्री. सेक्रेटरी तेव्हा मावशींच्या टेबलापाशीच होते. बटणने छत्री टेबलावर ठेवली आणि या वेळी उठता उठता नाही, बसता बसताच विचारलं, ताई काय म्हणते?

सेक्रेटरींनी घसा खाकरला. सिस्टीम बदलताना काही तांत्रिक अडचणीमुळे, असं त्यांनी सुरू केलं.

"साहेब, तुम्ही थांबा जरा," मावशी म्हणाल्या. मग बटणकडे वळल्या. "तांत्रिक वगैरे काही नाही. तिचा नंबर होता, तो आम्ही घालवला. पहिल्या दिवशी कुणी हललं असतं तर सापडला असता. हललं नाही. मी दारात उभी राहिले, पण आरडाओरडा केला नाही. करायला हवा होता."

 सेक्रेटरी खरं तर जाऊ शकले असते, पण गेले नाहीत, भिंतीशी उभे राहिले.

बटणने विचारलं, "ती कधी बोलली होती शेवटचं?"

मावशींनी सांगितलं. हेही सांगितलं, की ती स्वतःहून म्हणाली, आला तर दे. आधी मला कळव, म्हणजे दुपारी मी एकटी असेन असं बघते.

"असं म्हणाली?"

"असंच म्हणाली. भांडी घासत होती. नळ बंद केला आणि मग म्हणाली."

बटण खाली बघत बसला.  तो ओरडला असता, टेबलावर मूठ आपटली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे ती आता वाट बघत असेल."

"हो," मावशी म्हणाल्या. समजूत घालणारं एकही वाक्य त्यांनी तोंडातून बाहेर पडू दिलं नाही.

"मग तिला वाटेल, मीच नको म्हणालो."

 सेक्रेटरींनी पुढे होऊन पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उचलला नाही, पण ढकललाही नाही.

मग तो उठला. म्हणाला, की आपला नंबर बदललाय, नवा घेऊन ठेव. तिने केलाच कधी फोन, तर. सेक्रेटरी लगबगीने म्हणाले, आता सगळं सर्व्हरवर जातं, आता काळजी नाही. मावशींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. बटणने सांगितलेले आकडे त्यांनी कॉम्प्युटरमध्ये घातले, नावाच्या जागी बटण लिहिलं. मग खुर्ची वळवून पडद्याकडे पाठ केली, डोळे मिटले, आणि पाढा म्हणावा तसा त्याचा नंबर मोठ्याने म्हणायला लागल्या.

मध्यावर अडखळल्या. बटण दारातून परत फिरला.

"नऊ नाही गं," तो म्हणाला. "सहा."

मावशींनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.