शेजारच्या अक्षरांचं माप

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. मध्य प्रदेशातल्या बालाघाटमधली भाड्याची खोली, स्टुलावर तांब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल आणि त्यापुढे पाठ ताठ करून बसलेली अनुसया.

"ओकाऽसान," ती म्हणाली. जपानीत आई.

पडद्यावरच्या जपानी शिक्षकांनी, मोरी सरांनी, नकारार्थी मान हलवली. ते थोडी हिंदी बोलत. "‘का’ लंबा नहीं आया."

अनुसयाने ‘का’ आणखी ताणला. सरांचं समाधान झालं नाही. "हमारा कान घड़ी नहीं देखता. बाजूवाले अक्षरों से नापता है. चार बजे परीक्षा." त्यांनी फोन ठेवला.

अनुसया दवाखान्यात आया होती. अकरा वर्षं म्हाताऱ्या माणसांना उठवणं, बसवणं, पुसणं, हेच तिचं काम. आज पास झाली तर जपानमधल्या वृद्धाश्रमात तीन वर्षांची नोकरी होती. पुढच्या वर्षी तिचं वय अटीत बसणार नव्हतं.

"तू पास झाली त मी कोठी राहीन?" तिच्या दहा वर्षांच्या लेकीने, समीक्षाने विचारलं.

"किरनापुरले, आजीजवळ. सांगतलं ना तुले."

"तीनही साल?"

"हौ."

अनुसया भिंतीकडे तोंड करून घोकत राहिली.

"मम्मी, तू विहारात वंदना म्हनते तशी बोलून राह्यली," शेवटी पोरगी म्हणाली.

"मंग? सर मोठे मानूस हायेत. त्याईच्यासमोर घाईघाईनं बोलू का?"

"तू सारेच अक्षर लांबवते. त्यातलं लांब कोनतं, थे सरले कसं समजन? बाकीचे झपझप म्हन."

"मोठी मास्तरीन आली," अनुसया म्हणाली. पण म्हणून पाहिलं. आजूबाजूची अक्षरं आखडली, तसा मधला ‘का’ न ताणताही लांब वाटू लागला. समीक्षाने मांडीवर सारख्या अंतराने पाच थापा दिल्या: ओ, का, आ, सा, न. मायलेकी चार वाजेपर्यंत तेच म्हणत बसल्या.

फोन वाजला. मोरी सर जपानी रीतीने नमस्काराला कमरेतून वाकले, अनुसयाही वाकली. तेवढ्यात भिंतीपलीकडे गीताकाकूंचा मिक्सर घरघरू लागला. ऐकू येत नाही अशी खूण करत सरांनी कानामागे हात धरला. परीक्षा सोडून अनुसयाला उठता येईना.

समीक्षा उठली. दार अलगद ओढून घेऊन ती शेजारी गेली.

"काकू, मिक्सर बंद ठेवता का थोडा वेळ? मम्मीची परीक्षा हाय."

"थे जपानची?" काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "अन् तूच धाडून राह्यली काय तिले?"

समीक्षाने हात लांब करून स्वतःच मिक्सरचं बटण बंद केलं आणि त्यावर हात ठेवून तिथेच उभी राहिली.