डावीकडच्या चार बरगड्या

डॉक्टर नासेरबाईंनी झेननला बाहेर थांबायला सांगितलं, तेव्हा त्याला वाटलं, आणखी एखादा एक्स-रे काढायचा असेल. "तुमच्या आईशी जरा एकटीशी बोलायचंय," त्या म्हणाल्या आणि दार लोटलं.

सकाळी मायलेक बाजारातून परतत होते. चौकात मागची गाडी बर्फावरून घसरली आणि त्यांच्या गाडीवर आदळली. पोरगेलासा चालक सारखी माफी मागत होता. पण मिशिगनात चूक कोणाची याचा घोळ कोणी घालत नाही. ज्याचा त्याचा विमा ज्याच्या त्याच्या औषधपाण्याचं बघतो. हलिना काही झालं नाही म्हणत होती. पोळ्या लाटाव्यात तशा तिने चर्चच्या शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी जन्मभर पिठाच्या पाऱ्या लाटल्या होत्या, दुखण्याचं कौतुक तिला ठाऊक नव्हतं. पण श्वास घेताना तिचा चेहरा आखडत होता. झेनन शहर बस चालवायचा. असे चेहरे त्याने पाहिले होते. त्याने ऐकलं नाही, सरळ तपासणीला आणलं.

बऱ्याच वेळाने त्याला आत बोलावलं. पडद्यावर आईच्या छातीचा एक्स-रे होता.

"उजवीकडची ही एक बरगडी आजची, गाडीच्या पट्ट्याने तडकलेली," डॉक्टरबाईंनी दाखवलं. "विम्याला आजचं तेवढंच कळवायचं असतं, म्हणून जुनं वेगळं काढावं लागतं. आणि डावीकडे या चार जुन्या आहेत. मोडून आपोआप सांधलेल्या. एका वेळच्या नाहीत."

मग त्या म्हणाल्या, "घरात कोणी मारतं का, असं मी त्यांना विचारलं. विचारावंच लागतं."

घरात तो आणि आई, दोघंच. आपल्याला बाहेर का काढलं होतं, ते झेननला आत्ता कळलं. कान तापले.

"शाळेत पडली असेल," तो म्हणाला. "तिथली पातेली जड असतात."

पलंगाच्या कडेला बसून हलिना स्वेटरची बटणं लावत होती. "मी पडले नाही रे कधी," ती म्हणाली. "तुझे बाबा."

झेनन पडद्याकडे बघत राहिला. बाबा म्हणजे स्टेफान. मोटारीचे आस घडवणाऱ्या कारखान्यात राबणारे, रविवारी चर्चमध्ये गाणारे. त्यांच्या अंत्ययात्रेला अख्खी वस्ती लोटली होती. झेननला खांद्यावर बसवून मिरवणूक दाखवणारे, बर्फावर घसरायला शिकवणारे. त्या पांढऱ्या रेघांमध्ये ते कुठेच बसेनात. मग मी कुठे होतो, असं मनात आलं, आणि उत्तरही आलं. कधीकधी शनिवारी बाबा त्याला हातात पैसे देऊन पोंच्की, म्हणजे मुरंबा भरलेले तळलेले गोड पाव, आणायला बेकरीत पाठवायचे. सावकाश ये, म्हणायचे. घाई नाही.

झेननने गाडी घराच्या रस्त्याला लावली.

"मी बेकरीतून पोंच्की आणायचो," तो म्हणाला. "मग आपण तिघं बसून खायचो."

"हो. जर्दाळूच्या मुरंब्याची. चांगली असायची."

"आई, मला सांगायचं तरी."

"काय सांगायचं? तू त्याच्या खांद्यावर बसायचास." ती खिडकीबाहेर बघत होती. "तुझ्या अंगाला त्याने कधी बोट लावलं नाही. तेवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं."

कशाच्या बदल्यात, हे विचारायची झेननची छाती झाली नाही. सिग्नल हिरवा झाला तरी त्याचा पाय हलेना. मागच्याने भोंगा वाजवला.

घरी आल्यावर त्याने तिचा कोट हळूच काढला. काही दिवस आडवं झोपायचं नाही, टेकून बसून झोपायचं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. घरात तशी खुर्ची एकच, बाबांची, खिडकीपाशी. ते गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. हलिना आठवड्याला ती पुसायची, एवढंच. झेनन खुर्चीसमोर उभा राहिला. ही खुर्ची उचलून रस्त्यावर टाकावी, असं त्याला वाटलं.

"दुसरी आणतो विकत," तो म्हणाला. "आत्ता जाऊन आणतो."

"कशाला? चांगली भक्कम आहे."

हलिनाने खुर्चीचा हात धरला, तडकलेली बाजू सांभाळत वळली आणि बसली. पाठ टेकली. जागा तिला फारच रुंद होत होती. झेननने दोन्ही बाजूंना उशा खोचल्या आणि गुडघ्यांवर पांघरूण घातलं.

"कणीक भिजवायची राहिली," ती म्हणाली आणि डोळे मिटले.

त्याने बाह्या वर सारल्या, हात धुतले आणि पीठ चाळायला घेतलं.