शिवलेल्या खिशांचा कोट

मित्रांनो, माझ्या खिशात हात घालायला जाऊ नका. जाणार नाही. मी एक जुना काळा कोट आहे आणि माझे दोन्ही खिसे शिवलेले आहेत.

ते असे नव्हते. माझे मालक तरुणपणी मला घालून मुलाखतीला गेले, तेव्हा खिशात किल्ल्या होत्या. मालक घाबरले की त्यांचा हात खिशात जाई आणि किल्ल्या वाजत. साहेबांनी विचारलं, "कुठे जायची घाई आहे का तुम्हाला?" नोकरी हुकली.

त्यांची बायको घरी शिवणकाम करायची. तिने सुई टोचू नये म्हणून बोटात टोपीसारखं पितळी अंगुस्तान घातलं आणि काळ्या दोऱ्याने माझे खिसे बंद केले. "आता कुठे घालताय हात, बघते," म्हणाली. पुढच्या मुलाखतीत मालकांचे हात मांडीवर गप्प बसले आणि काचेच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली.

मग मुलाखतीपुरता मी सगळ्यांचाच झालो. भाचा आला, शेजारणीचा दीर आला. मालकीणबाई आधी स्वयंपाकघरात तालीम घ्यायच्या. "दारातून विचार, आत येऊ का. हो म्हणेपर्यंत थांब. खुर्ची ओढू नकोस, उचलून सरकव." साहेब म्हणून मालकांना टेबलाशी बसवायच्या. साहेब कांदा सोलत प्रश्न विचारायचे आणि डोळे पुसत नकार द्यायचे. सगळे हसायचे. पुढे बाईंनी माझ्या शिवणी आत घेऊन मला लहान केलं. म्हणाल्या, "पोरांचं झालं, आता पोरींची पाळी."

मग बाई आजारी पडल्या आणि गेल्या.

मालकांनी मला कपाटात टांगलं आणि कुलूप लावलं. समोरच्या काकू सुनेसाठी मला मागायला आल्या. मालक म्हणाले, "लाँड्रीत दिलाय." मी आत होतो. डांबराच्या गोळ्यांच्या वासात माझा जीव घुसमटत होता. बाहेर कुणी चाललं की मला वाटे, आता उघडतील. पावलं पुढे जात. ज्याला दर महिन्याला नवं माणूस मिळायचं, त्याने हँगरवर किती लोंबकळायचं?

एके दिवशी मालकांची लेक म्हणाली, "बाबा, कोट काढा. उद्या माझी मुलाखत आहे. हॉस्पिटलात, चौकशीच्या खिडकीवर."

"तुला मोठा होईल तो."

"आईने माझ्या मापाचा करून ठेवलाय. तुमच्यासमोरच केला."

मालक बराच वेळ किल्लीशी चाळा करत राहिले. मग कुलूप उघडलं.

सकाळी इस्त्री करताना त्यांना दिसलं, माझ्या उजव्या खिशाचे टाके सुटलेत. "टाके मी घालतो," म्हणाले.

"तुम्ही? बाबा, मला उशीर होईल."

"तिने तुला तसं जाऊ दिलं असतं का?"

त्यांनी बाईंचं अंगुस्तान करंगळीच्या टोकावर कसंबसं बसवलं. दोन टाक्यांतच ते घसरून माझ्या खिशात पडलं. मालकांचं सगळं लक्ष सुईकडे. त्यांनी खिसा शिवून टाकला, अंगुस्तान आतच. मी ओरडलो असतो, पण कोटाला तोंड नसतं. लेक मला चढवून पळालीच.

बाहेरच्या बाकावर सगळे चुळबुळत होते. एक जण सारखा टाय सैल करायचा आणि परत आवळायचा. लेकीचं नाव पुकारलं. तिने दारातून विचारलं, हो म्हणेपर्यंत थांबली, खुर्ची उचलून सरकवली.

टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "रुग्णाचा नातेवाईक खिडकीशी येऊन ओरडायला लागला तर काय कराल?"

लेकीचा हात झटकन खिशाकडे गेला. बापाचीच सवय. आत जाईना. पण कापडाखाली बोटांना काहीतरी गोल, टणक लागलं. तिने ते ओळखलं. हात परत मांडीवर आला.

"आधी बसायला खुर्ची देईन," ती म्हणाली. "उभं माणूस जास्त ओरडतं. माझी आई आजारी होती तेव्हा मीही अशीच ओरडले होते."

"तुम्हाला कुणी बसवलं?"

"नाही."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

घरी आलो तर सगळे डबे जमिनीवर. मालकांनी पिठाचा डबासुद्धा चाळून काढला होता. "अंगुस्तान पाहिलंस का गं? कुठेच नाही. सकाळी होतं." मग आठवून म्हणाले, "तुझं काय झालं?"

तिने त्यांचा पीठ लागलेला हात धरला आणि माझ्या खिशावर ठेवला. मालकांनी दाबून पाहिलं. पुन्हा दाबून पाहिलं.

"हे आत कसं गेलं?"

"तुम्हीच शिवलंत. आणि सोमवारपासून कामावर या म्हणालेत."

मालक हसले. बऱ्याच दिवसांनी त्या घरात मी हसणं ऐकलं. मग ते खुर्चीत बसले. कात्री मागितली. खिसा उसवून अंगुस्तान काढलं आणि तो पुन्हा शिवायला घेतला, या वेळी सावकाश. टाके वाकडेच आले, पण पक्के आले.

शेवटची गाठ मारता मारता म्हणाले, "समोर जाऊन काकूंना सांग, कोट लाँड्रीतून आला."

मित्रांनो, मुलाखतीचे कपडे आदल्या दिवशीच अंगात घालून बघा. खिसे चाचपून बघा. आणि घरातलं माणूस गेलं, तर त्याच्या हातचे कपडे कुलपात कोंडू नका. दाराजवळच्या खुंटीला टांगा. काकूंची सून कुठल्याही क्षणी येईल, आणि मला तयार राहायचंय.