चाके सरळ होती

जीपची चारही चाके मशीनवर सरळ दाखवत होती आणि चारही टायर झिजत होते. पुढचे दोन जास्त, मागचे दोन कमी. नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड धारदार आणि दुसरी बोथट झाली होती, करवतीच्या दात्यांसारखी. टायर गणपतीत घेतले होते. होळीच्या सुमाराला ते असे दिसत होते.

मुकुल खड्ड्यातून वर आला, हात पुसले आणि पडद्यावरचे हिरवे आकडे नाथाजींना पुन्हा एकदा दाखवले. इस्लामपुरातले व्हील अलाइनमेंटचे हे दुकान त्याचे स्वतःचे होते. एकच गाडी पुन्हा पुन्हा रॅम्पवर चढलेली त्याला आवडत नसे.

"मेजर, तुमचं आन माज्या मशीनीचं एकमत हाय," तो म्हणाला. "टायरचं तेवढं न्हाई."

नाथाजी मेजर नव्हते. सैन्याच्या वाहन दुरुस्ती शाखेतून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. पण या भागात निवृत्त सैनिकाला सरसकट मेजर म्हणतात, आणि ती चूक दुरुस्त करण्याचा नाद त्यांनी सोडून दिला होता. इतर चुका ते सहसा सोडत नसत. त्यांनी वाकून पुढच्या टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने हात गुळगुळीत गेला, उलट दिशेने अडकला.

मशीन तिथे एकच नव्हते. पलीकडच्या रस्त्यावरच्या दवाखान्यात त्यांच्या पत्नी हरणाबाई या वेळी डायलिसिसच्या मशीनला जोडलेल्या होत्या. कडेगावच्या माळावरच्या वस्तीवरून आठवड्यातून दोनदा त्यांना इथे आणावे लागे. वस्तीपर्यंत एसटी येत नव्हती. मुलगा जयराज सैन्यात, आसामकडे. हंगामात गावातले चालक उसाच्या गाड्यांवर जात आणि हंगाम संपला की आणखी कुठे कुठे. एक खेप चुकली की हरणाबाईंच्या पायांना सूज येई, दुसरी चुकली की श्वास पुरत नसे. हे एकदा घडून गेले होते. म्हणजे सगळी व्यवस्था दोनच गोष्टींवर उभी होती, जीप आणि नाथाजी, आणि त्यांपैकी एकीत दोष होता.

रंगरुटांना शिकवताना ते सांगत, की अंदाज सगळ्यात शेवटी करायचा. आधी जे नाही ते वगळायचे. त्याप्रमाणे त्यांनी वगळत आणले. हवा कमी असती तर टायरच्या दोन्ही कडा झिजल्या असत्या, जास्त असती तर मधला पट्टा. चाक आत किंवा बाहेर कललेले असते तर एकच कड गेली असती. शॉकअब्सॉर्बर मेले असते तर टायरवर खळगे पडले असते. यातले काहीही नव्हते. जे होते ते त्यांनी पूर्वी पाहिले होते, पण ते नाव घ्यायला त्यांनी बरेच दिवस लावले.

कोरड्या डांबरावर चारही चाकांना इंजिनाची ओढ दिली की टायर असे होतात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचे असते, आणि एकमेकांना जखडलेली असल्यामुळे ते त्यांना कापता येत नाही. बर्फात किंवा चिखलात चाक थोडे घसरते आणि तो फरक मिटतो. डांबरावर घसरण्याजोगे काही नसते. मग रबर सोलून निघते. नवे चालक लडाखच्या खिंडी उतरून सपाटीला आले तरी लिव्हर परत ढकलायला विसरत, आणि त्यांच्या टायरवरून हात फिरवून नाथाजी त्यांना सगळ्यांदेखत झापत.

त्यांच्या जीपमध्ये चारही चाके जोडणारी ही लिव्हर गिअरशेजारी होती. तिचा डॅशबोर्डवरचा दिवा आधीच्या मालकाच्या काळातच गेला होता. पावसाळ्यात वस्तीची कच्ची वाट चढण्यापुरती ती ओढली जाई, एरवी नाही. गाडी थांबवली की ती दोन चाकांच्या जागेवर आहे ना, हे हाताने चाचपून मगच उतरायचे, ही त्यांची सैन्यातली सवय होती. उतरल्यावर पाहावे तर ती नेहमीच जागेवर असे.

तेव्हा लिव्हर वाटेत आपोआप सरकत असावी. घरी आल्यावर त्यांनी लिव्हरखालची गिअरची पेटी उघडली. आतला काटा झिजलेला नव्हता, त्याला जागेवर धरणारी स्प्रिंग कडक होती. आपोआप सरकणे शक्य नव्हते. तरी त्यांनी पुढच्या खेपेला निघण्यापूर्वी लिव्हर शिवणाच्या दोऱ्याने खालच्या पट्टीला बांधली. इस्लामपुरात पोहोचल्यावर दोरा तुटलेला होता. दोरा कच्चा असू शकतो, रस्त्याला खड्डे होते. त्यानंतरच्या खेपेला त्यांनी तांब्याची बारीक तार घेतली आणि पक्कडीने चांगला पीळ दिला.

या वेळी तार तुटली नव्हती. ती सोडवलेली होती. पीळ उलगडून, टोके सरळ करून तिची लहानशी वेटोळी केली होती, आणि ती डॅशबोर्डच्या खणात ठेवलेली होती. नाथाजींनी ती उचलून उजेडात धरली. वेटोळी उलट्या फेऱ्याची होती, डावखुरा माणूस घालतो तशी. ते स्वतःही डावखुरे होते; त्यांनी एक वेढा घालून पाहिला. तो आधीच्या वेढ्यांवर बरोबर बसला.

दवाखान्यात त्यांनी काही विचारले नाही. चार तास मशीनवर पडून आलेल्या माणसाला काही विचारू नये, एवढे त्यांना कळत होते. वस्तीवर परतल्यावर, चहा झाल्यावर, त्यांनी तार हरणाबाईंच्या पुढ्यात ठेवली.

"ही कुनी सोडली?"

हरणाबाईंनी आधी तारेकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. "तुमी."

"कवा?"

"सागरेश्वरच्या खिंडीत. आज गाडी हुबीच केली तारंसाटी. दर वक्ताला तितंच की. गाडी हळू करता, लिव्हर वडता, आन म्हनता, फुडं बरफ हाय, गप बस."

"आन तू?"

"मी गप बसती."

सागरेश्वरच्या खिंडीत त्या दिवशी दगड तापलेले होते. एवढे नाथाजींना आठवत होते. खिंडीपूर्वीचा रस्ता त्यांना आठवत होता, आणि दवाखान्याच्या आवारात वळताना फरशीवर टायर किंचाळल्याचेही. मधले ताकारी, कृष्णेचा पूल, दोन्ही बाजूचा ऊस, हे सगळे त्यांना माहीत होते; पण माहीत असणे आणि आठवणे यांत फरक असतो, आणि तो त्यांनी आजवर तपासून पाहिलेला नव्हता.

"आनि काय म्हनतो मी?"

हरणाबाईंनी पदराने कपाळ पुसले. "इचारता, मागची गाडी येतीया का. मी मागं वळून बगती आन म्हनती, येतीया. दवाखान्याफुडं गाडी थांबली की चाचपता चाचपता लिव्हर परत ढकलता."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"पयल्यांदा वाटलं, चेष्टा करताय. मग कळलं. आवं, सांगितलं आसतं तर तुमी गाडी सोडली आसती. तुमचा स्वभाव मला ठावं न्हाई व्हय? मग मी कुटं जायाचं?"

आपल्याला आठवत नाही, हा काही पुरावा होऊ शकत नाही, असे नाथाजी एखाद्या रंगरुटाला म्हणाले असते. पुरावा समोर जमिनीवर पडलेला होता आणि साक्षीदार खरे बोलत होती.

कराडच्या डॉक्टरांनी नंतर मेंदूचा फोटो काढला. गोळ्या दिल्या, आणि विसरण्याचा हा आजार गोळ्यांनी बरा होत नाही, फार तर वाढायचा थोडा लांबतो, हेही सांगितले. गाडी चालवू नका, असे बजावले. नाथाजींनी मान डोलावली. त्यांना तिथे घेऊन गेलेली गाडी बाहेर उभी होती आणि ती परत न्यायला दुसरे कोणी नव्हते. जयराजला फोनवरून सगळे सांगितले. तो म्हणाला, की रजेचा अर्ज टाकतो, पण पावसाळ्याआधी काही खरे नाही. पुण्याला त्याच्या बहिणीकडे जाऊन राहावे, असेही त्याने सुचवले. बहीण एका खोलीत राहत होती आणि हे तिघांनाही माहीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी जीपखाली गेले. पुढच्या चाकांकडे ओढ नेणारा शाफ्ट त्यांनी दोन्ही टोकांचे बोल्ट काढून उतरवला, ग्रीस पुसले, पोत्यात गुंडाळला आणि गोठ्याच्या आढ्याला बांधून ठेवला. आता लिव्हर कितीही ओढली तरी पुढच्या चाकांपर्यंत काही पोहोचणार नव्हते. काम स्वच्छ झाले होते. हरणाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. शुक्रवारी सकाळी त्या नेहमीप्रमाणे तयार होऊन जीपमध्ये जाऊन बसल्या.

उन्हाळा संपत आला तेव्हा मुकुलने जीप पुन्हा रॅम्पवर घेतली. टायरचे दाते बोथट होऊन नक्षी सपाट बसली होती. तो खुशीत होता. शेवटी आपल्या मशीनचेच खरे ठरले, असे तो मेजरांना ऐकवत होता. मग तो खड्ड्यात उतरला, आणि पुढच्या शाफ्टची रिकामी जागा त्याला दिसली.

वर आला तेव्हा जीपची किल्ली त्याच्या हातात होती.

"मेजर, फुडचा शाफ्ट कुटं हाय?"

"घरी. काडून ठिवलाय."

"का बरं?"

आवाज करत होता, असे म्हणता आले असते. मुकुलने ते मानलेही असते. पण ज्याने कारण लपवले त्याने दुरुस्ती केली असे धरायचे नाही, हे नाथाजी आयुष्यभर शिकवत आले होते. पलीकडे दवाखान्यात हरणाबाईंचे मशीन संपायची वेळ झाली होती.

"खिंडीपासनं हितपतूर मी गाडी फोर-व्हीलला घालून आनत हुतो," ते म्हणाले. "बरफावर चालीवल्यागत. आन मला त्यातलं काय बी आठवत न्हाई. टायर त्यानं झिजत हुतं. आता लिव्हर वडली तरी झिजनार न्हाईत. मी वडतो का न्हाई, ते बी आता टायरवरनं कळायचं न्हाई."

त्यांनी हात पुढे केला. किल्ली मुकुलच्याच हातात राहिली.