वाटूर फाट्यावरचा जाडा मॉनिटर

नवा मॉनिटर घ्यायला निघालात ना, मित्रांनो? पिशवी घेतलीत, मोठ्या माणसाला सोबत घेतलंत, डोक्यात एखादा पातळ, चकचकीत मॉनिटर पण पक्का करून ठेवलात. मग एसटी येईपर्यंत माझ्याजवळ बसा. मी एक जुना, जाडा, पाठीला भलंमोठं कुबड असलेला मॉनिटर आहे. मला उचलायला दोन माणसं लागतात आणि ठेवायला अख्खं टेबल. तरीसुद्धा एकदा मला निवडलं होतं! पातळ मॉनिटर शेजारीच उभा असताना मला निवडलं होतं! ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणारच नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. जाड काचेची एक मोठी नळी घडवली, तिच्या मागच्या टोकाला एक बारीकशी बंदूक बसवली. घाबरू नका, ही बंदूक कुणाला मारत नाही. ती आतून काचेवर किरणांचा मारा करते आणि त्यातून चित्र उमटतं. एका सेकंदात मी अख्खं चित्र पंच्याऐंशी वेळा नव्याने रंगवू शकतो. तुम्ही डोळा मिचकावता तेवढ्यात माझी कितीतरी चित्रं काढून झालेली असतात.

पण एवढं अंगात असून मला काम काय मिळालं? जालना एमआयडीसीत बियाण्यांच्या एका कंपनीच्या ऑफिसात कपाशीच्या पिशव्यांचे तक्ते दाखवायचं! सकाळी तक्ता, दुपारी तक्ता, संध्याकाळी तोच तक्ता. पळायला जन्मलेल्या घोड्याला घाण्याला जुंपावं तसं झालं. तरी मी मनापासून काम केलं. तिथल्या सत्यशीला मॅडम रोज फडक्याने माझी काच पुसायच्या आणि "आमचा मॉनिटर कधी दगा देत न्हाई" असं सगळ्यांना सांगायच्या. ते ऐकून मी आतून आणखी उजळायचो.

मग पातळ मॉनिटर आले आणि ऑफिसने सगळे जाडे मॉनिटर एकदम काढून टाकले. मी काकासाहेबांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन पडलो. काकासाहेब माणूस चांगला, पण गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचंच नाही. माझ्या डोक्यावर जुनी मासिकं रचली. नमुना दाखवायला मला चालू केलं की पाठ कोमट व्हायची आणि दुकानातली मांजर येऊन माझ्या कुबडावर झोपायची. खरं सांगू? त्या दिवसांत माझा कुणाला उपयोग होत असेल, तर तो त्या मांजरीलाच.

आणि एके दिवशी दुकानात बेबीनंदा आली!

दोन वेण्या, शाळेचा गणवेश, आणि चाल अशी की दुकान हिच्याच मालकीचं आहे. यंदा नववीत. सोबत तिचा भुजंगमामा. मामा आधी एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये कामाला होता. पुढे त्याने वाटूर फाट्यावर एक खोली घेऊन तिथे कॉम्प्युटर मांडला. लोक तिथे अर्ज टाइप करायला यायचे, गाणी भरून न्यायचे, आणि शाळा सुटली की पोरं गेम खेळायला झुंबड करायची. त्याचा जुना लहान मॉनिटर आता थरथरायला लागला होता, म्हणून नवा बघायला दोघं जालन्याला आली होती.

पण बेबीनंदाच्या मनात दुसरंच होतं. जालन्याला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये दरवर्षी गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची स्पर्धा व्हायची. क्लासमध्ये मॉनिटर पुरेसे नव्हते, म्हणून प्रत्येकाने आपापला आणायचा असा नियम होता. मागच्या वर्षी ती तो थरथरता मॉनिटर घेऊन गेली आणि पहिल्याच शर्यतीत बाहेर पडली. त्याचं तिला एवढं वाटलं नाही. पण माइकवाल्या सरांनी तिचं नाव पुकारलं ते नुसतं 'बेबी', आणि वर म्हणाले, बेबीच्या खुर्चीवर उशी द्या कुणीतरी. सगळा हॉल हसला. ते हसू ती वर्षभर कानात घेऊन फिरत होती. घरून यंदाची परवानगी मिळाली होती, पण शेवटची. जिंकली तर पुढचं पुढे बघू, नाही तर गेम बंद आणि दहावीचा अभ्यास, असं आईने, म्हणजे झुंबरबाईंनी, स्वच्छ सांगून टाकलं होतं.

मामा सरळ पातळ मॉनिटरपाशी गेला. काकासाहेबांनी त्यावर गुलाबाच्या फुलाचं चित्र लावलं होतं. काय फूल होतं! पाकळीवरचं पाणी पुसावंसं वाटेल असं. मामाने मॉनिटर पुढून बघितला, मागून बघितला, एका हाताने उचलून बघितला आणि खूश झाला.

"ह्योच घेऊ बेबी. जागा कमी खातो, गिऱ्हाइकाला बी भारी वाटंल."

बेबीनंदाने फुलाकडे बघितलं, मग मामाकडे.

"मामा, तुमी बाजारात बैल उभा बघून घेता का?"

"उभा बैल कोन घेतंय? चालवून, पळवून बघावा लागतो. उभे तर सगळेच देखणे दिसतात."

"मंग ह्याला पळवा की."

मामा हसायला लागला, पण भाचीचं बोलणं त्याला बरोबर पटलं. घरचे बैल तोच पारखायचा ना! काकासाहेबांनी गाड्यांचा गेम लावला. आणि काय सांगू मित्रांनो, गाडी हळू होती तोवर सगळं सुंदर. ती सुसाट सुटली की तिच्यामागे धुरकट शेपूट दिसायला लागलं. वळणावरचा दगड फराटा होऊन जायचा. तेव्हाच्या पातळ मॉनिटरांचं तसंच होतं. जुनं चित्र पुसायला त्यांना वेळ लागायचा आणि तोवर नवं चित्र येऊन धडकायचं.

बेबीनंदाने दुकानभर नजर फिरवली आणि तिचं बोट माझ्याकडे वळलं. माझ्याकडे! मांजर उठली, मासिकं उतरली, धूळ पुसली, वायर जोडली. माझ्या आतल्या बंदुकीला कंप सुटला होता. इतकी वर्षं मी तक्ते दाखवले, आज मला पळायचं होतं!

आणि पहिल्याच क्षणी मी तिला मान खाली घालायला लावली. माझं चित्र लुकलुकत होतं. मामा म्हणाला, ह्याच्यानं तर डोळे जातील पोरांचे. पण बेबीनंदा सेटिंगमध्ये शिरली. ऑफिसात कुणी मला सेकंदाला साठ चित्रांच्या वर कधी जाऊच दिलं नव्हतं. तिने आकडा पंच्याऐंशीवर नेला. अहाहा! पायातली बेडी सुटावी तसं वाटलं. चित्र स्थिर उभं राहिलं, गाडी सुटली आणि वळणावरचा दगड, दगडापलीकडची बाभळ, बाभळीचा पाला, सगळं स्वच्छ!

मामाची अडचण तरी होतीच. स्पर्धा एक दिवसाची, दुकान रोजचं. रोज येणारी पोरं पडद्यावर पत्ते खेळणार, चेंडूने विटा फोडायचा गेम लावणार, गाणी बघणार. त्यांना एवढी पळापळ कशाला हवी? त्यावर बेबीनंदा म्हणाली, "जो पळतो त्याला चालता येतंच की मामा. नुसतं चालणाऱ्याला पळता येईल का?"

मामाने माझ्या कुबडावर थाप मारली. बाजारात बैल पसंत पडला की तो अशीच थाप मारायचा. मग काकासाहेबांनी तिला माझ्या मेनूतली चिन्हं एकेक करून समजावली. हे उजेडाचं, हे रुंदीचं, आणि हे घोड्याच्या नालेसारखं दिसतं ते रंग बिघडले तर दाबायचं. तिने मान डोलवली. मी मनात म्हटलं, बाई, एवढं शेवटचं तेवढं लक्षात ठेव.

वाटूरला गेल्यावर माझे दिवस पालटले. शाळा सुटली की पोरं माझ्यापुढे गर्दी करायची आणि ती पांगली की बेबीनंदा सरावाला बसायची. ती हरली की टेबलावर हात आपटायची आणि जिंकली की माझ्या काचेला टिचकी मारायची. मला टिचक्या जास्त मिळाल्या.

स्पर्धेचा दिवस आला. मला वाकळेत गुंडाळून काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ठेवलं. निघताना झुंबरबाईंनी माझ्या उजव्या अंगाला लिंबू-मिरची बांधली. नवं वाहन, नवा बैल, नवा मॉनिटर, दृष्ट तर लागतेच ना! शर्यत होईपर्यंत सोडायची नाही असंही बजावलं. ती जीपमध्ये हेलकावे खाऊन तुटू नये म्हणून मामाने दोऱ्याला वजन बांधलं. मिलच्या भंगारातून त्याने आणलेल्या डब्यात एक जाड काळी चकती होती, हाताला जड लागली, तीच बांधली. दोघांनीही किती मायेने बांधलं! आणि त्या चकतीने माझा घात केला.

हॉलमध्ये मला टेबलावर ठेवलं. शेजारी राधाकिसन नावाचा कॉलेजचा मुलगा, मागच्या वर्षीचा विजेता. त्याच्यापुढे सडपातळ, रुपेरी मॉनिटर. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, ही पेटी कुठल्या लग्नातली? आजूबाजूची मुलं हसली. बेबीनंदा म्हणाली, "तुझ्याच. आहेर म्हणून आणली." मग तीच मुलं जास्त हसली.

तिने मला चालू केलं आणि तिचं हसू गेलं. माझ्या उजव्या बाजूला हिरवा-जांभळा डाग पसरला होता. रस्ता जांभळा, गाडी हिरवी, वळण कुठे आहे ते कळेना. तिने वायर ओढून बघितली, काच पुसली. माइकवरून सर बेबीला बोलावत होते. मामा आला आणि त्याने डाग बघितला. जीपमधे आदळलं काय, फुटलं काय, असं पुटपुटत राहिला. मित्रांनो, मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठे? चकती, चकती, असं मी आतल्या आत ओरडत होतो.

शेवटी ती मागची वायर बघायला वाकली. आणि तिच्या वेणीतली लोखंडी पिन निसटून गेली ती थेट चकतीवर. टक्! चिकटलीच.

ती तशीच वाकून राहिली. विज्ञानाच्या तासाला लोखंडाचा कीस चुंबकाभोवती नाचताना तिने बघितला होता. ती साधी चकती नव्हती, जुन्या स्पीकरमधलं चुंबक होतं! माझ्या किरणांना ते ओढून नेत होतं. तिने दोरा तोडून चुंबक मामाच्या हातात दिलं.

"मामा, हे घेऊन बाहेर जा. लांब जा."

आणि मग तिला नालेचं चिन्ह आठवलं. तिने बटण दाबलं. ठण्ण! माझं अंग भिजलेल्या कुत्र्यासारखं थरथरलं आणि डाग विरला. पण पुरता नाही. नुकताच चालू झालो होतो तेव्हा मी एकदा अंग झटकलं होतं, लगेच दुसऱ्यांदा तितका जोर येत नाही. उजव्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा जांभळा ठसा राहिलाच. पहिली शर्यत ती त्या ठशासकट खेळली. उजवं वळण आलं की मान वाकडी करून बघायची. काठावर जिंकली, पण जिंकली!

शेवटच्या शर्यतीआधी तिने पुन्हा बटण दाबलं. ठण्ण! या वेळी मी असा स्वच्छ झालो की स्वतःलाच ओळखू येईना. समोर राधाकिसन. काय पोरगा खेळत होता! शेवटच्या फेरीपर्यंत तोच पुढे. मग ते दगडाचं उजवं वळण आलं. राधाकिसनची गाडी थोडी बाहेर गेली आणि दगड नि गाडी यांच्यामध्ये एक फट उघडली, हाताच्या तळव्याएवढी, निमिषभर. त्याच्या रुपेरी मॉनिटरवर तिथे नुसता फराटा होता. मी ती फट तिला दाखवली. जीव काढून, एकेक रेघ कोरून दाखवली. आणि तिने गाडी घातली!

हॉलमध्ये काय आवाज झाला म्हणून सांगू! मामा चुंबक हातात घेऊनच आत धावला, आणि बेबीनंदाने त्याला तिथूनच हाताने परत पाठवलं.

सर माइकवर म्हणाले, पहिला नंबर, वाटूरची बेबी. ती उठली, त्यांच्यापर्यंत गेली आणि शांतपणे म्हणाली, "बेबीनंदा. पूर्ण घ्या."

सरांनी पूर्ण घेतलं. दोनदा घेतलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत राधाकिसन पहिला होता. जाताना तो माझ्या कुबडावर हात फिरवून गेला.

मित्रांनो, आता माझ्या शेजारी एक पातळ मॉनिटर आलाय. तो गाणी दाखवतो, पोरांचे पत्ते मांडतो, आणि त्याचे फराटे माझ्या काळच्या पातळ मॉनिटरांपेक्षा खूप कमी आहेत. तोही मामाने गेममध्ये पळवून बघूनच आणला, म्हणून आमचं छान जमतं. कधीकधी एखादं पोरगं म्हणतं, हा जाडा भंगारात देऊन टाका. तेव्हा मला जरा गलबलतं. माझी एकच विनंती आहे. घ्याल तो मॉनिटर फुलाच्या चित्रावर भाळून घेऊ नका, तुमचं जे काम असेल ते त्याच्याकडून करवून बघा. आणि घेतल्यावर त्याला जपा. त्याच्या झरोक्यांवर कापड टाकू नका, जवळ चुंबक आणू नका, आणि नवा आला म्हणून जुन्याला लगेच दाराबाहेर ठेवू नका. त्याच्या अंगात अजून एखादी शर्यत शिल्लक असू शकते.

बेबीनंदा आता दहावीत आहे. अभ्यास एके अभ्यास. पण झुंबरबाईंनी दिलेला शब्द पाळला, रविवारची दुपार तिची आणि माझी. स्पर्धा जवळ आली की लिंबू-मिरची अजून बांधतात. फक्त दोऱ्याला आता लोखंड नसतं, चिंचोक्यांची पुरचुंडी असते. ती येते, खुर्ची ओढते, वेणी मागे टाकते आणि बटण दाबते.

ठण्ण! मी तयार.