पेट्रोलच्याच गाडीत बसणारा जीव

लताबाईंनी लेकीला वेळेवर सांगितलं होतं. नातीच्या, आयुषीच्या जावळासाठी त्या साक्रीहून धुळ्याला आल्या आणि निघताना पायरीवर चप्पल शोधता शोधता हळूच म्हणाल्या, "चारू, तुनी सासूले गाडीमा एकली बसू देऊ नको. ध्यान ठेव."

चारुशीला तेव्हा दुधाच्या बाटल्या उकळत होती. तिने हसून उडवून लावलं. अक्का, म्हणजे सासूबाई, एसीची हवा खातात, एवढंच. घरात कूलर चिखलासारखा वास सोडतो, बिचारीने जायचं कुठे? लताबाईंनी पाहिलेलं मात्र वेगळं होतं. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी चालू करून चारूची सासू बेबाबाई डोळे मिटून बसल्या होत्या, हातात अडकित्ता तसाच, सुपारी न कातरलेली, आणि ओठ हलत होते.

गाडी ललितची. ललित म्हणजे बेबाबाईंचा थोरला मुलगा. कावीळ झाली आणि गेला, लग्नही व्हायचं होतं. त्याची जुनी पेट्रोल गाडी धाकट्या कल्पेशकडे, चारुशीलाच्या नवऱ्याकडे आली. अवधानच्या एमआयडीसीत कामाला जायला तिचा उपयोग होई, पण अलीकडे तिने एक खोड लावून घेतली होती. पळताना ठीक. सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. पाय न देता आवाज चढायचा, मग बसायचा, पुन्हा चढायचा, जणू कुणी आत दम खातंय. कल्पेश म्हणे, गाडी स्लो धरत नाही, गॅरेजला दाखवू. तेवढ्यात भिशीतल्या सुंदरबाईंनी बेबाबाईंच्या कानात चक्रनाथ महाराजांचं नाव घातलं.

सोनगीरच्या अलीकडे, महामार्गाला लागून एका ढाब्यामागे महाराजांचं ठाणं होतं. अमावस्येला तिथे गाड्यांची अशी रांग लागे की लग्नाची वरात थांबलीय असं वाटावं. बॉनेटवर लिंबू, आरशाला काळा दोरा, आत घामेजलेली माणसं. जळगावपासूनचे लोक येत. महाराज भगवी कफनी घालून, डोळ्यांवर काळा चष्मा लावून गाडीसमोर उभे राहत. इंजिन चालू ठेवायचं. बॉनेट उघडायचं. भटू नावाचा सेवेकरी झेंडूचा हार घेऊन आत वाके आणि इंजिनाला घाली. मग महाराज हात उंचावून विचारत, "कोण आहेस?" आणि गाडी हुंकारू लागे. आवाज चढे, पडे, सगळा सांगाडा थरथरे. बायका हात जोडत. महाराज मंत्र म्हणत, भटू हार सारखा करी, आणि इंजिन गरीब गाईसारखं शांत होई.

महाराजांचं निरूपणही ऐकण्यासारखं होतं. पेट्रोल हे धरणीचं रक्त, रक्तात जीव बसतो. डिझेल म्हणजे नुसतं तेल, तेलात भजी तळतात. म्हणून ट्रॅक्टर, टेम्पो, डिझेलच्या जीपगाड्या रांगेतून बाहेर काढल्या जात. एकाने कुरकुर केली, तर भटू त्याला म्हणाला, "भाऊ, तुनी गाडीले भूत नही, सर्व्हिसिंग पाहिजे." लोक हसले. अक्कांना घेऊन रांगेत आलेली चारुशीलाही हसली, आणि हसता हसता थांबली. हेच वाक्य पेट्रोलवाल्यांना का नाही सांगत?

पण विचार पुढे जायच्या आत त्यांचा नंबर लागला. महाराजांनी बेबाबाईंकडे पाहिलं. गळ्यात लॉकेट होतं, लॉकेटात ललितचा फोटो. त्यांना आणखी काही लागलं नाही.

"माय, तरणा पोरगा गेला ना? तो कुठे गेला नाही. इथेच बसलाय. गाडी बोलते तेव्हा तोच बोलतो."

बेबाबाई गाडीपुढेच बसल्या. त्यांनी थरथरत्या पत्र्यावर गाल टेकला. "मना आंडोर," माझा लेक, एवढंच म्हणाल्या.

त्या क्षणी चारुशीलाला जे वाटलं ते सांगणं अवघड आहे. कडेवरच्या आयुषीला तिने इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली. आपलं लेकरू गेलं आणि कुणी म्हणालं की ते या लोखंडात आहे, तर आपण काय करू?

महाराजांनी ललितला 'शांत' केलं. तरी धुळ्यातल्या देवपूरला घरी पोहोचेपर्यंत रस्त्याच्या खड्ड्यांनी गाडी हादरून तिची थरथर पुन्हा सुरू झाली. बेबाबाईंना तेच हवं होतं. कल्पेशने गॅरेजचं नाव काढलं की त्या जेवण सोडत. मग तोही म्हणू लागला, राहू दे, अक्काला बरं वाटतं, आपलं काय जातं? दुपारी त्या शेडमध्ये गाडी चालू करून बसायच्या. आता त्यांना एसी लागत नव्हता. गाडी थरथरली की त्या बोलायच्या, भाजी काय केली, आयुषीला दात आला, तुझ्या भावाला समज येत नाही.

चारुशीला भौतिकशास्त्राची पदवीधर. पदवी कपाटात होती, डोळे मात्र उघडे होते. भटूचा उजवा हात हार घालताना प्रत्येक वेळी एकाच बाजूला, मागे जायचा, हे तिच्या मनातून हलेना. एका सकाळी तिने शेडमध्ये गाडी चालू करून बॉनेट उघडलं. हवा आत घेणाऱ्या नळकांड्याच्या मागे बोटाएवढा रबरी पाइप होता, तोंडाशी सैल झालेला. त्यातून फुस्स असा आवाज येत होता. तिने तो दाबून बसवला. गाडी शांत. ओढून काढला. गाडी हुंकारू लागली. पुन्हा बसवला. शांत.

मग सगळंच उलगडलं. पेट्रोलचं इंजिन उभ्या गाडीत हवेचा मोजका घोट घेतं, तेवढ्याच हवेला पुरेल इतकं पेट्रोल त्याला मिळतं. पाइप निसटला की चोरवाटेने जादा हवा शिरते. हिशेब चुकतो, इंजिन चढतं, पडतं, धडपडतं. डिझेलच्या इंजिनाला हवेचा असा घोट मोजून देत नाहीत. तिथे भटूने कितीही पाइप ओढले तरी ते हुंकारलं नसतं. म्हणून तेलात भजी.

तिने कल्पेशला दाखवलं. तो स्वतः पाइप काढून, बसवून बघू लागला आणि म्हणाला, "अक्काला तू सांगशील?"

ती सांगू शकली नाही. तिने ठरवलं की महाराजांच्या तोंडावरच दाखवायचं. सगळ्यांदेखत फसवणूक उघडी पडली की अक्कांना वेगळं सांगावं लागणार नाही. केवढा भाबडा हिशेब होता तो.

पुढच्या अमावस्येला भटू हार घेऊन वाकणार, तेवढ्यात ती हळदकुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाली. म्हणाली, घरची गाडी आहे, दिरांचा जीव आहे, मी सवाष्ण आहे, पूजा माझ्या हातची होऊ द्या. रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या. सवाष्णीच्या हातचं कुंकू नाकारायचं कसं? महाराज घुटमळले आणि बाजूला झाले.

चारुशीलाने पाइप ओढला. गाडी थरथरली. तिने मोठ्याने विचारलं, "महाराजांनी अजून मंत्र म्हटला का?" तिने पाइप बसवला, गाडी शांत झाली. पुन्हा ओढला, पुन्हा बसवला. मग पाइप बोटात धरून तिने सगळं सांगितलं, हवा, पेट्रोल, डिझेल, भटूचा हात. एकही वाक्य चुकलं नाही.

महाराजांनी चष्मा काढला आणि हात जोडून ते तिच्याच पुढे वाकले.

"माउली. आज शक्ती या माईच्या हातात उतरली."

एवढं पुरलं. सुंदरबाई आधी वाकल्या, मग मागची बाई, मग तिच्या मागची. कुणी आपलं तान्हं तिच्या पायावर घातलं. ती ओरडत होती, पाइप आहे हो, रबराचा पाइप आहे. एका म्हातारीने तिचे हात हातात घेऊन, देव सगळीकडेच असतो अशी प्रेमाने समजूत घातली, "पाइपमाच देव शे, माय. बठ्ठा ठिकाने शे." माणसांच्या त्या वाकलेल्या पाठींमध्ये उभं राहून चारुशीला रडली. लोकांना तेही अंगात आल्याचं लक्षण वाटलं.

बेबाबाई एकट्याच उभ्या होत्या. त्या पाया पडल्या नाहीत. त्या पाइपाकडे बघत होत्या, अगदी नीट, शिवणकामात टाका कुठे घालायचा ते बघावं तसं.

परतताना कल्पेशने गॅरेजमध्ये नवा पाइप टाकून घेतला, क्लिप आवळून घेतली. गाडी लोण्यासारखी चालू लागली. त्या दुपारी बेबाबाई शेडमध्ये जाऊन बसल्या आणि थोड्याच वेळात उठून आल्या. गाडी काही बोलली नव्हती. त्यांनी तक्रार केली नाही. जेवल्याही. चारुशीलाला वाटलं, सुटलो.

मग ती दुपार आली. कल्पेश कामावर होता. चारुशीला आयुषीला थोपटत होती. पोर डोळे मिटे, पुन्हा उघडे. कुठून तरी आवाज येत होता, दबलेला, चढणारा, पडणारा. तिला वाटलं शेजाऱ्यांचा मिक्सर. मग तिने तो आवाज ओळखला आणि ती शेडकडे धावली.

शेडचं एरवी उघडं असणारं शटर खाली ओढलेलं होतं. तिने ते वर ढकललं. आत असा धूर की डोळे झोंबले. बेबाबाई स्टीअरिंगमागे, मान कलती, चेहरा लालसर, झोपेतल्यासारख्या. बॉनेट उघडं. नवा पाइप मधोमध कातरलेला, आणि शेजारी बॅटरीवर अडकित्ता.

तिने त्यांना बाहेर ओढलं. त्या वाचल्या. धुराबरोबर येणारा, ना रंग ना वास असा विषारी वायू त्यांच्या रक्तात गेला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर बोलायलाच नको. प्राणवायूचा मास्क काढल्यावर चारुशीलाने एकच विचारलं, "अक्का, शटर का लावलं?"

"तुले आवाज येवाले नको म्हनी." मग जराशाने, रागाने नव्हे, "तूच दखाडं ना माय, कोठला पाइप ते."

चमत्कार खोटा होता हे चारुशीलाने सिद्ध केलं होतं, सगळ्यांसमोर, बिनचूक. पण त्या म्हातारीला चमत्कार नकोच होता. तिला मुलगा हवा होता, आणि तिच्याशी ललितबद्दल बोलायला त्या घरात गाडीशिवाय कुणी नव्हतं.

पोलिसात तक्रार झाली. महाराजांचं ढाब्यामागचं ठाणं उठलं. आता ते जळगाव रस्त्याला कुठे तरी बसतात म्हणे. रांग तिथेही असते. गाडी विकली. बेबाबाई दुपारी रिकाम्या शेडच्या उंबऱ्यावर बसतात. चारुशीला शेजारी बसते आणि ललितला काय आवडायचं ते विचारते. कधी त्या सांगतात, कधी नुसती सुपारी कातरतात.

उभी गाडी थरथरत असेल तर गॅरेजला न्या. पाइप असेल, प्लग असेल, हवेच्या वाटेत साचलेली घाण असेल, पण मेलेलं माणूस नसेल. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नका, जपासाठी नाही, एसीसाठी नाही, कशासाठीच नाही. आणि हे वाचून झालं की एक करा. तुमच्या घरात, गल्लीत कुणी तरी असेल, ज्याचं माणूस गेलंय आणि जे हल्ली फार शांत झालंय, दुपारचं कुणाला दिसत नाही. उठा आणि बघून या. ते कुठे बसलंय, आणि कुणाशी बोलतंय.