अर्धी वाटी

“रावजीच्या पानात हात आखडू नका रं! जिलबीची परात इकडं आणा!”

मांडवाच्या त्या टोकावरून विठोबाने हाक दिली आणि अख्खी पंगत रावजीकडे वळून बघू लागली.

विठोबाच्या मुलीचं लग्न होतं. रावजीचं दुकान बोर्ली पंचतनच्या बाजारात, काम पंप आणि मोटारी दुरुस्त करण्याचं. पण आसपासच्या गावांत तो ओळखला जायचा तो खाण्यामुळे. रावजी जेवायला बसला की उठलेली माणसंही हात न धुता उभी राहायची. जिलब्या मोजायला दोघं-तिघं भोवती बसायचे, पैजा लागायच्या, टाळ्या पडायच्या. एका लग्नात तर नवरदेव स्वतःच्या पानावरून उठून त्याचं खाणं बघायला आला होता.

आज पानावर बसलेला रावजी मात्र वेगळाच होता. वजन कमी करायचं ऑपरेशन होऊन त्याला अर्धं वर्ष झालं होतं. गालफडं आत गेली होती, सदरा खांद्यावरून ओघळला होता. त्याची बायको सगुणा हिने चमचाभर वरणभात वाढला होता आणि तोच तो बोटांनी चिवडत होता.

“विठोबा, नको. मला सोसत न्हाय आता.”

“आपरेशन पोटाचं झालं. तोंडाचं न्हाय ना झालं?”

हशा पिकला. विठोबाने जवळ येऊन स्वतःच्या हाताने पानात जिलबी ठेवली. “माझ्या पोरीच्या लग्नात रावजी जिलबी न खाता उठला, असं व्हायचं न्हाय.”

हे तो प्रेमाने म्हणत होता, म्हणून तर नाही म्हणणं जड गेलं. सगळे डोळे आपल्यावर लागलेले बघून रावजीला क्षणभर जुना रावजी अंगात आल्यासारखं वाटलं. त्याने जिलबी तोंडात टाकली. टाळ्या पडल्या. दुसरी तर त्याने नीट चावलीही नाही.

थोड्याच वेळात त्याच्या कपाळावर दरदरून घाम आला. छाती धडधडू लागली, हात कापू लागले. तो कसाबसा उठला, मांडवाच्या मागे भाताच्या उडवीपाशी गेला आणि पेंढ्याला धरून खाली बसला. सगुणा मागोमाग धावली. उलट्या थांबेपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली आणि मग पदराने तिने त्याचं तोंड पुसलं. मांडवाच्या कापडापलीकडे कोणीतरी सहज बोलत होतं, “रावजीत काय राम न्हाय राहिला आता.”

दोघांनीही ते ऐकलं.

“चला घरी,” सगुणा म्हणाली.

ऑपरेशन काही हौसेने केलेलं नव्हतं. रावजी दीडशे किलोच्या वर गेला होता. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. तरुणपणी तो खारीसारखा सरसर विहिरीत उतरायचा. पण गेली कित्येक वर्षं तो काठावर लोखंडी खुर्ची टाकून बसायचा आणि खाली उतरलेल्या, हाताखाली काम करणाऱ्या रामचंद्रला वरून सांगायचा, हा नट फिरव, तो फिरव. झोपेत त्याचा श्वास मध्येच बंद पडायचा. सगुणा त्याला हलवून हलवून श्वास घ्यायला लावायची. “मला एक दिवस गाढ झोप लागली ना, तर तुम्ही जाल,” असं ती एकदा म्हणाली आणि रडली. दुसऱ्याच आठवड्यात तिचा भाऊ दिपेश रावजीला नवी मुंबईच्या इस्पितळात घेऊन गेला.

केसर त्याला तिथेच भेटली. दिघीच्या धक्क्यावर, आगरदांड्याची फेरीबोट जिथून सुटते तिथे, तिची चहावड्याची टपरी होती. नवरा बोटीवर, महिनोन् महिने समुद्रात. तिचंही ऑपरेशन त्याच दिवशी झालं होतं. दुसऱ्या दिवशी दोघांना सलाइनच्या दांड्या ढकलत चालायला लावलं, तेव्हा मागून धापा टाकत येणाऱ्या रावजीकडे वळून ती म्हणाली, “दादा, जरा दमानं. ही काय बैलांची शर्यत न्हाय.”

टाके दुखत असूनही रावजी हसला होता.

घरी आल्यावर दुपारच्या जेवणाला दोघं फोन लावून बसायचे. अर्धी वाटी मऊ मूग, नाहीतर उकडलेला मासा. प्रत्येक घास पिठासारखा होईपर्यंत चावायचा, मग चमचा खाली ठेवायचा.

“चावताय ना दादा?”

“चावतोय बाय.”

“मंग आवाज का येत न्हाय?”

“चावताना आवाज करू नये, असं आमच्या आईनं शिकवलंय.”

सगुणा शेजारी बसून हसायची. ते महिने बरे गेले. साखर उतरली, श्वास मोकळा झाला, सगुणा झोपू लागली.

त्या लग्नानंतर मात्र रावजीने फोन घेणं सोडलं. दुकानात जाणंही कमी झालं. बाहेर पडलं की कोणीतरी विचारायचंच, “आजारी हायस काय रं?” घरी बसून तो गोड चहात बिस्किटं बुडवू लागला. चमचाभर भात पोटात अडायचा, पण भिजलेलं बिस्कीट सरळ खाली उतरायचं. एक झालं की दुसरं. तासाभराने पुन्हा. सगुणेने पुडे लपवले, तर त्याने बाजारातून नवे आणले. ती बोलली तर तो भिंतीकडे तोंड करून निजला. उतरलेलं वजन हळूहळू परत चढायला लागलं.

एका दुपारी दारात रिक्षा थांबली. केसर उतरली. डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली, चेहरा पिवळा पडलेला.

“वहिनी, दादा हायत?” असं विचारत ती आतच आली. रावजीच्या पुढ्यात चहाचा कप होता आणि बशीत बिस्किटं. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. “फोन का घेत न्हाय?”

“काय सांगू फोनवर?”

“मेलो न्हाय, एवढं तरी सांगायचं.”

रावजीने कप बाजूला सारला. मग एकदम बोलला, “केसर, मी चूक केली. लोक मला बोलवायचे, हसायचे, टाळ्या वाजवायचे. ते जाड्या रावजीला. तो गेला. आता जो उरलाय त्याला कोण वळखतं?”

केसरने डोक्याची ओढणी सोडली. पुढचे केस विरळ होऊन टाळू दिसू लागली होती. सगुणेच्या तोंडून “अगो बाय” निघून गेलं.

“मला तुमच्यावर ओरडायचा काय हक्क न्हाय दादा,” केसर म्हणाली. “मी वडे तळत्ये ना, कढईत चुरा राहतो. तो खात्ये. उभ्या उभ्या, गिऱ्हाईकाकडं पाठ करून. डाळ न्हाय, मासा न्हाय, गोळ्यासुद्धा न्हाय, दिवसभर चुराच. काल बोट लागायच्या टायमाला चक्कर येऊन पडले. लोकांनी उचलली. उचलताना एकजण काय बोलला म्हाईत? ‘हलकी झाली गो केसर.’ मला हसू आलं आणि रडू पण आलं.” तिने डोळे पुसले. “तुमचा फोन बंद झाला आणि मी सुटले. मला वाटलं, दादांनी सोडलं तर मी कशाला धरून ठेवू?”

इतके दिवस आपण फक्त स्वतःचंच पोट सांभाळतोय असं रावजी धरून चालला होता. आपल्या फोनवर दिघीला कोणाचं तरी जेवण अवलंबून आहे, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

त्याने बशी तिच्याकडे सरकवली. “ही बिस्किटं ने. धक्क्यावरच्या कावळ्यांना घाल. आणि चुऱ्याचं मी बघतो.”

“तुम्ही काय बघणार?”

“उद्यापासून दुपारी मी टपरीवर येतो. तुझ्या कढईसमोर बसतो. बघू कशी खात्येस.”

सगुणेने मूग शिजत घातले. त्या दिवशी ते दोघं समोरासमोर बसून जेवले, पहिल्यांदाच फोनशिवाय. रावजीचा दुसराच घास अडला आणि तो उठू लागला, तेव्हा केसर म्हणाली, “बसा. श्वास घ्या. मला कुठं जायचंय?” घास उतरला.

दुसऱ्या दिवशी स्कूटर काढून रावजी खरंच दिघीला गेला. टपरीच्या बाकावर बसला. केसरने कढईतून चुरा निथळला की तो ताटली उचलायचा आणि मासे साफ करणाऱ्या बायकांच्या कोंबड्यांपुढे ओतून यायचा. लोक विचारायचे, “हा कोण गो नवीन?” केसर सांगायची, “पहारेकरी ठेवलाय.” जेवण झालं की दोघं धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जायचे. पहिल्या दिवशी येताना केसरला तीनदा बसावं लागलं. पुढे पुढे ती चालता चालता भांडू लागली, आणि ते ऐकून सगुणा म्हणाली, “आता बरी झाली ती.” केसरच्या कपाळावर नवे बारीक केस उगवले तेव्हा तिने सकाळी सकाळी व्हिडिओ कॉल करून आधी सगुणेला दाखवले, मग रावजीला.

रोज जमलं नाही तर पुन्हा फोन असायचाच. रावजी दुकानात नियमाने बसू लागला. “आजारी हायस काय?” असं कोणी विचारलं, तर “आजारी होतो. आता बरा हाय,” असं सांगू लागला.

वैशाखात गावच्या विहिरीवरचा पंप पाणी उचलेना. नळ कोरडे पडले. विहिरीला पाणी होतं, पण मोटर नुसतीच फिरत होती. दोन दिवस बायकांनी ओढ्यापलीकडच्या बोअरवरून हंडे आणले. रामचंद्र मुंबईला मुलीच्या बाळंतपणाला गेलेला. श्रीवर्धनचा मेकॅनिक उद्या येतो म्हणाला आणि आला नाही.

रावजी विहिरीवर गेला. बराच वेळ वाकून आत बघत राहिला. पंप निम्म्या उंचीवरच्या कट्ट्यावर बसवलेला होता. तिथवर जायला भिंतीत लोखंडी कड्या होत्या. काठावर गाव जमला होता. कोणीतरी सवयीने खुर्ची आणून ठेवली.

“खुर्ची नको. दोर आणा,” रावजी म्हणाला. “मी उतरतो.”

सगुणा पुढे आली. “अवो, काय डोकं फिरलंय काय? किती वर्षं झाली...”

“म्हणून तर.”

सदरा कड्यांना अडकला असता. रावजीचा हात बटणांवर थांबला. ऑपरेशननंतर त्याने सगुणेखेरीज कोणासमोर अंग उघडं टाकलं नव्हतं. पोटावर, दंडांवर रिकामी कातडी लोंबत होती, ओल्या कापडासारखी. मग त्याने बटणं सोडली आणि सदरा सगुणेच्या हातात दिला.

सगळे बघत होते. कोणी हसलं नाही. विठोबाने पुढे होऊन त्याच्या कमरेला दोर बांधला. दोर दोनदा फिरला तरी उरला. “घट्ट झाला तर सांग,” तो खाली मान घालून म्हणाला.

रावजी उतरू लागला. पहिल्या काही कड्या त्याने चाचपत गाठल्या. मग पायांनाच जुनी वाट सापडली. विहिरीचा गारवा अंगाला लागला. कट्ट्यावर पोहोचल्यावर त्याने पाइपाला कान लावला, जोडावर ओला हात फिरवला. जोड सैल होऊन पाइप हवा ओढत होता. शिवाय खालच्या झडपेत पालापाचोळा अडकला असणार. तो आणखी खाली, गळ्याइतक्या पाण्यात उतरला. वरून फक्त पान्ह्याचे ठोके ऐकू येत होते. मध्ये बराच वेळ तेही थांबले. सगुणा दोर धरलेल्या विठोबाचा दंड घट्ट पकडून उभी राहिली.

“पान्हा पडला होता, सापडला!” खालून आवाज आला आणि सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

तो वर आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. शेवटच्या कडीवर दोघांनी हात पुढे केले, पण ते न धरता तो काठावर चढला. केसांत शेवाळ, अंगावर चिखल. लोकांनी गलका केला, “दाब, बटण दाब! सोड पाणी!” बायका हंडे घेऊन नळाकडे सरकल्या.

रावजीचे हात थरथरत होते. हे थरथरणं त्याला आता नीट कळत होतं. जेवणाची वेळ टळून गेली होती.

“जरा थांबा,” तो म्हणाला. “मी आधी जेवतो.”

कोणीतरी कुरकुरलं, “अरे, पाणी सुरू कर, मंग जेव की!”

विठोबा वळला. “दोन दिवस थांबलात ना? त्याला जेवू द्या. आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसू नका.”

सगुणेने डबा आणला होताच. फोनही लावून दिला. पलीकडे टपरीच्या धुरात केसर दिसली. “कुठं होता दादा? मी कधीपासनं मासा घेऊन बसल्ये!”

“विहिरीत होतो.”

“विहिरीत?” तिने रावजीचं उघडं, चिखलाने माखलेलं अंग बघितलं आणि तिचा चमचा हातातच राहिला. “उतरलात? स्वतः?”

“आणि चढलो पण.”

केसर ओरडलीच. टपरीवरची गिऱ्हाइकं फोनमध्ये डोकावली. “हे आमचे दादा,” ती त्यांना सांगत होती. मग सावरून म्हणाली, “बरं, आता जेवा. चावून.”

रावजी विहिरीच्या काठावर बसून जेवू लागला. एक घास. चमचा खाली. पुन्हा घास. अर्धी वाटी मूग संपायला भात चुलीवर शिजून होईल इतका वेळ लागतो. तेवढा वेळ सगळा गाव आपापले हंडे उपडे घालून त्यांवर बसला होता, आंब्याच्या सावलीत, हळू आवाजात शेतीच्या गोष्टी बोलत. कोणी घाई केली नाही.

शेवटचा घास गिळून त्याने सगुणेकडे बघून मान हलवली. तिने बटण दाबलं. पाइप थडथडला, खोकला, आधी गढूळ आणि मग स्वच्छ पाणी नळाला आलं. बायकांनी हंडे सरळ केले, पण पुढे कोणी झालं नाही. विठोबाच्या बायकोने रांगेतून बाजूला होऊन सगुणेला वाट दिली.

सगुणेने पहिल्या धारेखाली वाटी धुतली, पदराला पुसली आणि मग म्हणाली, “भरा आता.”